ओट्यावरचे मास्तर

मास्तरांच्या घरात मी चार वर्षं बिऱ्हाडकरू म्हणून राहिलो आणि शेवटी त्यांनाच त्यांच्या ओट्यावर बसवलं. हे असं सरळ सांगायला मला बरीच वर्षं लागली. आधी कुणी विचारलं तर मी नियमापासून सुरुवात करायचो. मग ठराव, मग सभा, मग एकमत, आणि एवढं सगळं होईपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा गार झालेला असायचा. आता माझंच वय झालं. आता मी आधी ओट्याचं सांगतो.

बोईसर तेव्हा नावाला स्टेशन आणि बाकी गाव होतं. तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं बांधकाम नुकतंच लागलं होतं आणि रोज नवी माणसं फलाटावर उतरत होती. कुणी केरळी, कुणी तमिळ, कुणी बिहारी. मी नगरकडचा. एका कंत्राटदाराच्या ऑफिसात कारकून म्हणून आलो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक ट्रंक आणि गावच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, दिलेली चिठ्ठी होती. ती मास्तरांच्या नावानं होती. मास्तर म्हणजे पेन्शनीत निघालेले शाळामास्तर, ख्रिस्ती, बायको वारलेली, एकुलती मुलगी वाणगावला दिलेली. त्यांच्या घरात एक लांब खोली होती आणि बोईसरच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना दर रविवारी तिथं भरायची. आम्हा प्रोटेस्टंटांच्या बोलण्यात मंडळी म्हणजे चर्च. पण इमारत नव्हे, माणसं. त्या लांब खोलीला लागून असलेली छोटी खोली मला मिळाली.

चिठ्ठी वाचून मास्तर म्हणाले, "तू येणार ते ठरलेलं होतं."

मला वाटलं, पाळकसाहेबांनी आधी कार्ड टाकलं असेल. तसं काही नव्हतं. जगाचा पाया घालण्याच्या आधीच देवानं ठरवून ठेवलं होतं की नगरकडचा एक कारकून बोईसरला या खोलीत राहील. खोलीची कडी मोडकी होती, तीही बहुधा तेव्हाच मोडलेली असावी, कारण चार वर्षांत ती काही दुरुस्त झाली नाही.

दिसायला मास्तर उंच आणि जरासे वाकलेले. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. कोटाची वरची दोन बटणं मी कधीच पाहिली नाहीत. उपासनेत ते छापील मराठी बोलायचे आणि खोलीबाहेर पाऊल टाकलं की आमी, तुमी, हाय, नाय. पहिला महिनाभर मला वाटायचं, घरात दोन म्हातारे राहतात.

त्यांची मोठी खोड म्हणजे कुठल्याही गोष्टीचं श्रेय आणि कुठल्याही गोष्टीचा दोष ते माणसाला द्यायचेच नाहीत. शेजारच्या म्हशीनं परसातली वांगी फस्त केली, तर म्हणाले, "तिची होती ती, तिनं नेली." माझ्या हातून त्यांचा चांगला कंदील फुटला, तर म्हणाले, "त्याचं तेवढंच आयुष्य." मला वाटलं, केवढं हे मन! पुढं मी सहा महिने मान मोडून काम केलं आणि ऑफिसात मला वरची जागा मिळाली. धावत येऊन मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. तुझ्या नावावर होती ती," आणि तांदूळ निवडत बसले. तेव्हा मला कळलं की जो माणूस तुमच्यावर रागावत नाही तो तुमची पाठही थोपटणार नाही. आणि तेवीस वर्षांच्या कारकुनाला पाठ थोपटून घ्यायची फार हौस असते. मला जरा जास्तच होती.

त्यांना तोंडावर छळू शकेल अशी बोईसरात एकच व्यक्ती होती, ती मुरबे गावची जानकीमावशी. सकाळी मासळीची पाटी घेऊन यायची आणि ओट्यावर टेकायची. बोंबील कमी आणि वाद जास्त.

"मास्तर, आमच्यात पोर झालं का सहाव्या दिशी सटवी येते न् कपालावर लिवते. तुमच्यात कोन लिवतं?"

"आमचा देव लिवतो," मास्तर म्हणाले. "पण जन्मल्यावर नाय. जग व्हायच्या आधीच लिवून ठेवलंय त्यानं."

"मंग आमची सटवी बरी. पोराचं तोंड तरी बगून लिवते."

मी मोठ्यानं हसलो. मास्तर हसले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई बोलली ते सोपं नाय रे."

देवानं काही माणसं निवडलेली आहेत, एवढा एकच विषय त्यांना आयुष्यभर पुरला. का निवडली, ते त्यालाच ठाऊक. त्यांच्या चांगुलपणामुळे नव्हे, त्यांनी काही केलं म्हणून नव्हे. मी लहानपणापासून उपासनेला जात होतो, पण हे असं अंगावर आणून कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सगळा भर नाताळ आणि गाण्यांवर. मी विचारलं, "मग माणसानं चांगलं वागायचं कशाला?"

परसात चिकूचं झाड होतं. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "गोड हाय म्हणून आपण त्याला चिकू म्हणत नाय. चिकू हाय म्हणून तो गोड हाय."

"आणि तुरट निघाला तर?"

"पिकला नसंल. थांबायचं."

"तुम्ही तर चांगले पिकलेले आहात, मास्तर."

हे मी आपलं मस्करीत म्हणालो. ते झाडाकडेच बघत होते. "झाडाला आपलं फळ चाखता येत नाय," म्हणाले आणि आत गेले.

या शिकवणीचा दुसऱ्या कुणावर अगदी उलटा परिणाम झाला असता. स्वतःला निवडलेला समजून ताठ मानेनं फिरणारी माणसं मी पुढं पुष्कळ पाहिली. मास्तरांचा हिशोब वेगळा होता. कोण निवडलेला आहे हे कळायला मार्ग नाही, म्हणजे समोर येईल तो प्रत्येक जण असू शकतो. म्हणून ते सगळ्यांना टोपी काढून नमस्कार करायचे. स्टेशनमास्तरला, झाडूवालीला, ताडीवाल्याला, लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या वारली बायांना. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात एकदा एक गडी ताडी ढोसून झोकांड्या खात आला. मास्तर उठले, त्याला आपल्या बाकावर बसवलं आणि स्वतः उभं राहून चहा प्यायले.

"मास्तर, याचा नंबर लागलाय काय?" दुकानदारानं डोळा मारत विचारलं.

"लागला असंल. तुमाला ठाव हाय का? मला नाय," मास्तर म्हणाले.

सगळं दुकान हसलं. तो गडीही हसला. पण मी पाहिलं, नंतर तो जेव्हा जेव्हा मास्तरांना रस्त्यात भेटायचा तेव्हा झोक सावरून उभा राहायचा.

आता मुख्य गोष्ट. महिन्याच्या पहिल्या रविवारी पालघरहून तिथले पाळकसाहेब यायचे आणि उपासनेत प्रभुभोजन असायचं. म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एका ताटातला भाकरीचा तुकडा आणि एका प्याल्यातला द्राक्षरस घ्यायचा. भाकरी म्हणजे पाव. आदल्या दिवशी मास्तर काळ्या मनुका भिजत घालायचे आणि सकाळी मलमलच्या फडक्यातून पिळून रस काढायचे. पावाच्या कडा कापून सारखे चौकोनी तुकडे करायचे. टेबलावर खळ घातलेलं पांढरं कापड, त्याला इस्त्रीही ते स्वतःच करायचे. एवढं करून ते शेवटच्या बाकावर माझ्या डाव्या हाताला येऊन बसत. ताट रांगेरांगेनं फिरत यायचं. मास्तर ते दोन्ही हातांनी घ्यायचे, क्षणभर त्यात बघायचे आणि माझ्याकडे द्यायचे. स्वतः घ्यायचे नाहीत. प्याल्याचंही तेच.

दोन-तीन महिने मी पाहिलं, मग विचारलं.

"साहेबानं थांब सांगितलंय," ते म्हणाले.

कुठला साहेब? तर ते सोळा वर्षांचे असताना बोर्डिंगच्या शाळेत एक मिशनरी साहेब होता. पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होती ती मुलं त्यानं रांगेत उभी केली आणि एकेकाला विचारलं, देवानं तुला निवडलंय अशी तुझी खात्री आहे का? सगळ्यांनी हो म्हटलं. मास्तर म्हणाले, "माहीत नाय, साहेब." साहेब म्हणाला, "मग तू थांब." साहेबाचं काही चुकलं असंही नाही, पुढच्या महिन्यात तो पुन्हा विचारणार असेल. पण त्या उन्हाळ्यात तो रजेवर विलायतेला गेला आणि तिकडंच वारला. मुलाला थांबायला सांगितलंय हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. फक्त मुलाच्या राहिलं.

"अहो, पण याला चाळीस वर्षं झाली!"

"चव्वेचाळीस."

"आता कुणी विचारलं तर काय सांगाल?"

"आजपण माहीत नाय. खोटं कसं सांगू?"

"मग कळणार कसं?"

"बोलावणं येतं. ज्याचं असंल त्याला येतंच."

हे बोलावणं कसं येतं, स्वप्नात येतं का झाडाझुडपातून आवाज होतो, हे मी विचारायला हवं होतं. मला हसू येत होतं आणि ते दाबण्यात माझं सगळं लक्ष होतं. मंडळीतल्या बाकीच्यांना हे कधीचंच माहीत होतं. मास्तर घेत नाहीत, एवढंच. जसं कुणी कांदा खात नाही.

एका वर्षी खोलीत कडाक्याचं भांडण लागलं. बांधकामावरचे केरळी आणि तमिळ लोक आता आमच्यापेक्षा जास्त झाले होते आणि प्रत्येकाची गावाकडची मंडळी वेगळी. कुणी म्हणे, नदीत बुडवून दिलेला बाप्तिस्माच खरा. कुणी म्हणे, डोक्यावर पाणी शिंपडलेलाही चालतो. खरी मंडळी कुणाची, इथवर गोष्ट गेली आणि एकानं आपली सतरंजी गुंडाळली. मास्तर उठून मधोमध आले आणि मला म्हणाले, "मोज रे, किती जण आहेत?"

मी मोजले. "एकेचाळीस."

"चुकलं. तू डोकी मोजलीस." मग सगळ्यांकडे वळून आपल्या छापील मराठीत म्हणाले, "या खोलीत मंडळी किती आहे आणि या खोलीच्या बाहेर किती आहे, हे मोजण्याचं काम आपल्याला दिलेलं नाही. आपल्याला बसायला जागा करून द्यायचं काम दिलेलं आहे." आणि सतरंजी गुंडाळणाऱ्याच्या हातातून ती घेऊन त्यांनी पुन्हा अंथरली. तो माणूस मुकाट्यानं बसला.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी वर्षभरानं मीच यादी करायला बसलो.

झालं असं की मंडळी वाढली, आणि देवळासाठी, म्हणजे उपासनेच्या इमारतीसाठी, सरकारकडं जागा मागायचं ठरलं. अर्जाबरोबर सभासदांची पक्की यादी आणि नियम हवे होते. मी ऑफिसातला, टायपिंग येणारा, म्हणून सेक्रेटरी मी. मी नियम केले. त्यात एक कलम घातलं की जो सभासद सलग बारा महिने प्रभुभोजन घेणार नाही त्याचं नाव यादीतून कमी करावं. नाताळला केकपुरते उगवणारे काही महाभाग होते, त्यांच्यासाठी ते होतं. ते लिहिताना मास्तर माझ्या ध्यानात नव्हते, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. ते खरं नाही. होते. मी सेक्रेटरी झाल्याचं सांगितलं तेव्हा, "होणारच होतास," म्हणून ते वांग्यांना पाणी घालायला निघून गेले होते, आणि ते मला लागलं होतं. एकदा तरी त्यांना दाखवायचं होतं की माणूस आपल्या मनानं काही करतो, आधी कुणी लिहून ठेवलेलं नसतं. ते चिडतील, हरकत घेतील, मग मी मोठ्या मनानं कलम मागं घेईन, असं माझं गणित होतं.

सभेत मी कलमं वाचली. त्या कलमाशी एक केरळी फिटर उभा राहिला.

"सेक्रेटरी साब, इसमें तो मास्टरजी का भी नाम कट जाएगा."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते शेवटच्या बाकावर मांडीवर टोपी ठेवून बसले होते. हरकत घेण्याचं काही चिन्ह दिसेना. मी वाट पाहिली, आणि मग मला राग आला.

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो.

पाळकसाहेबांना गाडी गाठायची होती. हात वर झाले, काही भरभर, काही इकडंतिकडं बघत. मास्तरांचाही हात वर होता. ठराव एकमतानं मंजूर, असं मी वहीत लिहिलं.

मास्तर उठले. "बरं झालं. कळलं तरी," असं शांतपणे म्हणाले, टोपी घातली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मला वाटलं, वारा घ्यायला गेले असतील. पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीसारखी खोली झाडली, बाक लावले, गाण्यांची पुस्तकं मांडली आणि घंटा वाजल्यावर बाहेर जाऊन ओट्यावर बसले. त्यांच्या घरात आम्ही आत आणि ते बाहेर. महिन्याच्या पहिल्या रविवारासाठी मनुका भिजवल्या, रस काढला, कापडाला इस्त्री केली, आणि पुन्हा बाहेर. पाळकसाहेब नसतील त्या रविवारी प्रवचन तेच करायचे. ते आता माझ्याकडे आलं. मी त्यांच्या जागी उभा राहून बोलायचो आणि उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसायची.

महिन्याभरानं मी ओट्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. म्हणालो, "मास्तर, आत चला. तो नुसता नियम आहे."

"नियम नाय तो. सत्तेचाळीस वर्षं विचारत होतो, त्याचं उत्तर आलं."

"डोकी मोजून मंडळी कळत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"मोजून नाय कळत. पण निरोप कुणाच्याही हातून येतो. पोस्टमन काय वाचून आणतो?"

"निरोप कसला! मी लिहिलं ते. मी, मुद्दाम लिहिलं. तुमच्यावर चिडून लिहिलं."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. कधी नव्हे तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "असूं दे. तू मनाला लावून घेऊ नको. तू आत हायेस. माझी खात्री हाय."

"मला माफ करा, मास्तर."

"कशाची माफी? पोस्टमनवर कोण रागावतं?"

त्यांनी माझ्या दोन मुस्कटात ठेवून दिल्या असत्या तर मी सुखानं झोपलो असतो. ते मला दोष द्यायला तयारच नव्हते, आणि दोष नाही तिथं माफी कुठली मिळणार?

जानकीमावशीनं मात्र दोष द्यायला वेळ लावला नाही. एका रविवारी पाटी घेऊन आली, मास्तरांना बाहेर बसलेले पाहिलं आणि आतून गाणं ऐकलं. उपासना सुटल्यावर मला अडवलं. "कारकूनदादा, घरवाल्याला भायेर बसवून देवाला आत घेतलाय काय? आन तो देव पन आत बसला? मुकाट?"

मी म्हणालो, "मावशी, नियम बदलता येतो, पण वार्षिक सभेतच. तसं कलम आहे."

"कोनी लिवला?"

ती पाटी उचलून गेली आणि त्यानंतर तिनं मला मासळी दिली नाही.

नियम वार्षिक सभेतच बदलता येतो हेही कलम माझंच. आज वाटतं, त्याच दिवशी वही फाडली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? मी सेक्रेटरी होतो. मला वही फाडण्याची कल्पनाच सुचली नाही. मधल्या काळात मला कामाच्या वसाहतीत खोली मिळाली आणि मी मास्तरांचं घर सोडलं. सुटका झाल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो. पुढं त्यांना दम्यानं घेरलं आणि मुलगी त्यांना वाणगावला घेऊन गेली. घराची किल्ली त्यांनी माझ्याकडेच ठेवली, उपासना बंद पडू नये म्हणून. वाणगाव म्हणजे बोईसरनंतरचं पुढचंच स्टेशन. चार महिन्यांत मी एकदाही गेलो नाही. हातात ठराव आल्याशिवाय कुठल्या तोंडानं जायचं, असं मला वाटत होतं.

वार्षिक सभा झाली. कलम गाळलं, मास्तरांचं नाव परत घेतलं. मी कागद टाईप केला, खाली सही-शिक्का केला आणि त्याच रविवारी दुपारी वाणगावला गेलो.

मास्तर बाजेवर भिंतीला टेकून बसले होते. अंगात काही उरलं नव्हतं. मला पाहून त्यांनी सवयीनं टोपीसाठी हात वर नेला, टोपी नव्हतीच. कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला.

"हे कुणी केलं?"

"सगळ्यांनी. एकमतानं."

"पयलंपण एकमतानंच होतं." त्यांना धाप लागली, ती ओसरू दिली. "मंग दोनांतलं खरं कुठलं?"

"हे, मास्तर. नंतरच्या ठरावानं आधीचा रद्द होतो."

ते हसले. माझ्यावर नव्हे, एखाद्या हुशार विद्यार्थ्यानं बरोबर पण भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं तेव्हा मास्तर लोक हसतात तसे. कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो मला परत दिला. "तुझ्या फायलीला लागंल," म्हणाले. मग खोली कोण झाडतं, मनुका कोण भिजवतं, असं विचारत राहिले. मी तासभर बसलो आणि निघालो.

त्यांची मुलगी मला स्टेशनापर्यंत सोडायला आली. फलाटावर आल्यावर म्हणाली, "भाऊ, एक सांगू? तुमी वाईट नका वाटून घेऊ. बाबांना कागद नको होता."

"मग काय हवं होतं?"

"मी लहान होते तवापासून सांगायचे. साहेबानं थांब म्हटलं, पण ये असं कोणी म्हटलंच नाय. म्हणायचे, बोलावणं काय आभाळातून येत नाय, माणसाच्या तोंडूनच येतं. कधी तरी शेजारचा माणूस ताट माझ्या हातातून घेणार नाय. माझ्याच पुढं धरंल आणि म्हणंल, मास्तर, घ्या. मग मी घेईन."

मी म्हणालो, "तुम्ही का नाही म्हटलंत?"

"आमी बायका पलीकडच्या बाजूला बसतो. आमच्याकडून ताट त्यांच्याकडं कधी जायचंच नाय." मग म्हणाली, "शेजारी तुमी बसायचात ना?"

मी बसायचो. तीनेक वर्षं, दर महिन्याला, त्यांच्या उजव्या हाताला. परक्याच्या लग्नात पंगतीला बसलो तरी आपल्याकडं वाढणारा दोनदा विचारल्याशिवाय पुढं सरकत नाही. जेवून उठलेल्यालासुद्धा आपण घासभर घ्या म्हणतो. आणि ज्या पंगतीला मी जगातली सगळ्यात मोठी पंगत समजत होतो, तिथं माझ्या शेजारचा माणूस उपाशी उठत होता. मी त्याच्या हातून ताट घ्यायचो, माझा तुकडा उचलायचो आणि ताट पुढं द्यायचो. मला वाटायचं, बघू नये. बघणं बरं दिसत नाही.

सिग्नल पडला होता. मागं फिरलो असतो तर घर दहा मिनिटांवर होतं. पाव नसेल, पण भाकरी तर होतीच. येताना चुलीवर मी पाहिली होती. तिचा तुकडा मोडायचा, त्यांच्या पुढं धरायचा आणि दोन शब्द म्हणायचे. पण मला वाटलं, असं कसं? पाळकसाहेब हवेत. ताट हवं, प्याला हवा. पुढचा रविवार महिन्याचा पहिलाच होता; सगळ्यांना घेऊन रीतसर येऊ. तसं मी तिला सांगितलंसुद्धा.

मास्तर शुक्रवारी गेले. नाव यादीत असल्यामुळे दफनाला काही अडचण आली नाही. माझा कागद तेवढ्यापुरता उपयोगी पडला.

ते ठरलेलंच होतं, असं मास्तर म्हणाले असते. मीही कितीदा तसं म्हणून पाहिलं आहे, निदान तेवढ्यानं मन शांत होतं का ते बघायला. होत नाही. त्या रविवारी संध्याकाळी गाडी वाणगावच्या फलाटावर बराच वेळ उभी होती. त्यांची मुलगी माझ्या खिडकीशी उभी होती. ती काही म्हणाली नाही, आणि मी उतरलो नाही.